लांब रेणूंची परीक्षा

माझ्या लाडक्या दोघांनो,

मागच्या रविवारी तुमची आई फोनसमोरून उठून दार उघडायला गेली. तेवढ्यात तुम्ही दोघांनी आवाज खाली करून मला विचारलंत, "आजी, आईने पीएच.डी.त चीटिंग केलं होतं का?" डिसेंबरात लग्नाला इकडे आला होतात, तेव्हा जेवताना कोणीतरी तुमच्यादेखत ते बोललं म्हणे. कोण बोललं ते मी विचारलं नाही. मला साधारण माहीत आहे.

मी तेव्हा एवढंच म्हटलं, की लिहून कळवते. 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगितलं असतं तर तुम्हाला अर्धवट कळलं असतं, आणि लग्नाकार्यांत फिरतात त्या अर्धवट कळलेल्या गोष्टीच. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी हे हातावेगळं करते. मराठी वाचताना अडलात तर बाबांकडून वाचून घ्या. आईकडून नको, ती मध्ये मध्ये दुरुस्त्या करील.

आधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर मी त्या उन्हाळ्यात अशी का वागले ते कळायचं नाही. नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि बारावीच्या परीक्षेला दरवर्षी केंद्रसंचालक म्हणून माझ्याच गळ्यात माळ पडायची. कॉपीचे दिवस होते ते. कंपासपेटीच्या झाकणाखाली, मोज्यांत, ओढणीच्या काठात, पाण्याच्या बाटलीच्या लेबलाच्या आतल्या बाजूला, कुठे काय निघेल सांगता यायचं नाही. एका मुलाने प्लास्टरमधल्या हातावर रसायनशास्त्राची समीकरणं लिहून आणली होती आणि हात मोडलेलाच नव्हता. अशी वर्षं काढली की माणसाचा स्वभाव बदलतो. मी भाजीवाल्याच्या तराजूकडे पाहायची तशीच नातेवाइकांच्या आजारपणाकडे पाहायची. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिला देव प्रसन्न झाला तर ही आधी त्याचं हॉलतिकीट मागेल."

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. मी निवृत्त झाले होते. तुमची आई पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. एप्रिलमध्ये एका दुपारी, न कळवता, ती ठक्कर बाजारच्या स्टँडवरून रिक्षाने घरी आली. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात लस नेतात तसला आइसबॉक्स.

"सुट्टी?" मी विचारलं.

"हो."

"एप्रिलात?"

"आई, सुट्टी म्हणजे सुट्टी."

आइसबॉक्समधून तिने एक स्टीलचा डबा काढला, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवला आणि वर चिकटपट्टीने चिठ्ठी लावली, 'हात लावू नये. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.' मग जेवली आणि दार लावून झोपली. संस्थेतल्या मैत्रिणींबद्दल एक शब्द नाही, तिच्या सरांबद्दल एक शब्द नाही. एरवी ती चप्पल काढता काढता बोलायला लागायची.

दुसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांची बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, सिडकोतून आल्या. पन्हं घ्यायला त्यांनी फ्रिज उघडला आणि पदर नाकाला लावला.

"वहिनी, तुमच्या फ्रिजात काहीतरी मेलंय."

वास खरंच येत होता, कुजक्या अंड्यांसारखा. वन्संचा हात डब्याकडे गेला आणि तुमची आई आतून धावत आली.

"आत्या, तो डबा नको!"

"का गं? बॉम्ब आहे?"

"प्रयोगाचं औषध आहे, त्याचाच वास."

"प्रयोगाचं," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "वहिनी, मुलीचं लग्नाचं बघा आता. एकटी राहून मुली घुम्या होतात." पन्हं न पिताच त्या गेल्या. म्हणजे मोकळ्या हाताने गेल्या नाहीत, एक बातमी घेऊन गेल्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी फोन आला. तुमची आई आंघोळीला गेली होती, मी उचलला. तिचे सर होते. इंग्रजीत बोलले, अगदी सभ्यपणे. ती घरी आहे का, तिने प्रयोगशाळेचं काही सामान बरोबर नेलं आहे, ते परत हवं आहे. मी म्हटलं, सामान म्हणजे काय? ते म्हणाले, तिच्या निकालांबद्दल एक प्रश्न निर्माण झाला आहे, आई म्हणून तुम्हाला हे सांगताना वाईट वाटतं.

मी स्वतः कितीतरी पालकांना हेच वाक्य म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. ते ऐकणाऱ्या बाजूला मी पहिल्यांदाच उभी होते.

ती केस पुसत बाहेर आली तेव्हा मी तिला मागच्या गॅलरीत बसवलं आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांग. मला विज्ञान कळत नाही असं धरून सांग."

तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. डीएनएचा रेणू म्हणजे एक अतिशय बारीक आणि बारीकपणाच्या मानाने प्रचंड लांब दोरा. शास्त्रज्ञांना हे दोरे लांबीप्रमाणे वेगळे करावे लागतात. जुन्या पद्धतीत जेलीची वडी करतात, आपण चायना ग्रासची करतो तशी. एका टोकाला डीएनए घालायचा आणि वडीतून वीज सोडायची. आखूड दोरे जेलीतून भराभर पुढे जातात, लांब मागे राहतात. पण दोरे फारच लांब असले की ते सगळे सापासारखे सरळ होऊन एकाच वेगाने सरकतात आणि वेगळे होतच नाहीत. मग विजेची दिशा पुन्हा पुन्हा बदलत दिवस दिवस वाट पाहावी लागते.

तुमच्या आईने जेली टाकून दिली होती. काचेच्या पट्टीवर पारदर्शक रबरासारख्या पदार्थाचा एक तुकडा, टपाल तिकिटाएवढा. त्याला ती चिप म्हणायची. त्याच्या आत केसाहून बारीक पाट, आणि पाटात रांगांनी उभे केलेले खांब, डोळ्यांना न दिसणारे. विजेने ओढले गेलेले दोरे त्या खांबांना अडकतात.

"तू साडी वाळत घालतेस ना दोरीवर," ती म्हणाली, "एक बाजू लांब सोडलीस तर साडी त्या बाजूने घसरून खाली पडते. तसंच. दोरा खांबाला अडकतो, दोन्ही बाजूंना लोंबतो, मग जड बाजूने सुटून पुढे जातो. जितका लांब तितका सुटायला वेळ. म्हणून आखूड आधी पोचतात, लांब नंतर. काही मिनिटांत होतं, आई. दिवस नाही लागत."

"मग प्रश्न काय निर्माण झाला?"

प्रश्न असा होता. तिच्या चिपमधून दोन लांबींचे रेणू दोन वेगळ्या घोळक्यांनी बाहेर पडताना तिने पाहिले होते आणि त्याची चित्रफीतही केली होती. शोधनिबंध लिहून तयार होता. पाठवण्याआधी सरांनी तिच्या शेजारच्या बाकावरच्या सहकाऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करायला सांगितला. तीच चिप, तोच नमुना. त्याला एकच घोळका दिसला. सगळे रेणू आखूड असल्यासारखे भरकन पुढे गेले. त्याने पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. सरांनी तिला बोलावून विचारलं, की दोन वेगळ्या प्रयोगांची चित्रं तू एकत्र जोडलीस का? तिने रागाने उत्तर दिलं. सरांनी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि सांगितलं, की माझ्यासमोर करून दाखव, नाहीतर प्रबंध थांबला असं समज.

"मग करून दाखवायचं होतंस."

"केलं ना! मलाही तेच दिसलं. एकच घोळका."

"कोणता नमुना वापरलास?"

"त्याने दिलेला. उरलेला. आई, त्याने त्यात काहीतरी केलंय. म्हणून मी माझ्या मूळ नळ्या आणि चिपा घेऊन आले. तिथे ठेवल्या असत्या तर त्याही गेल्या असत्या."

मी तिला म्हटलं, "पकडला गेलेला प्रत्येक मुलगा शेजारच्याचं नाव घेतो."

ती म्हणाली, "तुझाही विश्वास नाही."

माझा विश्वास नव्हता. अविश्वासही नव्हता. माझ्यापुढे तीन माणसं होती, मुलगी, तिचा सहकारी आणि तिचे सर, आणि मला तिघांचाही संशय होता. सरांचा एवढ्यासाठी, की निबंध चांगला असला तर तो कोणाच्या नावावर जातो हे मी कॉलेजात पुष्कळ पाहिलं होतं. मुलीचा एवढ्यासाठी, की ती सामान न सांगता घेऊन आली होती. पण तिची पाच वर्षं आणि तिचं नाव पणाला लागलं होतं. ती खोटी ठरली तर ते मला दुसऱ्यांच्या तोंडून कळायला नको होतं.

म्हणून मी तिला सांगितलं, की तुझी परीक्षा मी घेते.

"तू?"

"उत्तरपत्रिका मास्क करून. बैठक क्रमांक झाकतात तशा तुझ्या नळ्या झाकायच्या. कोणती कोणाची ते तुला कळणार नाही. तू चिपमध्ये बघून सांगायचंस, यात लांब रेणू आहेत, आखूड आहेत, की दोन्ही मिसळलेत. बरोबर सांगितलंस तर मी तुझ्या सरांशी स्वतः बोलेन."

"आणि चुकले तर?"

"तर ते सामान परत नेऊन द्यायचं."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दोघं गृहपाठ लपवता तेव्हा ती तशीच बघते. पण ती तयार झाली.

अडचण सूक्ष्मदर्शकाची होती. हे रेणू एका रंगाने रंगवतात आणि निळ्या उजेडात ते हिरवे चमकतात, त्यासाठी खास सूक्ष्मदर्शक लागतो. तसा एक गोळे कॉलनीत होता. औषधांच्या ठोक दुकानांच्या त्या गल्लीत माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता डॉक्टर झालेली, पॅथॉलॉजी लॅब चालवायची आणि क्षयाच्या थुंकीचे नमुने अशाच चमकत्या रंगाने तपासायची. मी फोन केला. ती हसत म्हणाली, "मॅडम, बारावीला तुम्ही माझी ओढणी झटकून पाहिली होतीत. आता माझ्याच लॅबमध्ये परीक्षा घेणार?"

"तुझ्या ओढणीत काही निघालं नव्हतं."

"ओढणीत नव्हतं," ती म्हणाली.

वीज कुठून आणायची यावर आजोबा खूश झाले. सातपूरच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, निवृत्तीनंतर घरातली इस्त्री दुरुस्त करण्यापलीकडे त्यांना कोणी काही करू देत नव्हतं. चिपला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, भिंतीतली चालत नाही, म्हणून त्यांनी मेन रोडवरून चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या आणल्या आणि एकीचं बटण दुसरीच्या बटणात बसवत एक माळ केली. टोकं चाचपताना त्यांना झटका बसला.

"लागली का?" मी विचारलं.

"वीज आहे याची खात्री झाली," ते म्हणाले. "तुला पुरावा लागतो ना."

आम्ही तिघं दुपारी गेलो. पंखे बंद, खिडक्यांना काळे पडदे. डॉक्टरचा सूक्ष्मदर्शक वरून पाहण्याचा होता आणि चिप खालून पाहायची, म्हणून तुमच्या आईने ती उलटी करून छिद्रांवर टेप लावली आणि बारीक तारा आत घातल्या. तिच्या तीन नळ्यांना तीन रंगांची झाकणं होती, लांब रेणूंची, आखूड रेणूंची आणि मिसळलेली. त्या मी तिच्याकडून घेऊन डॉक्टरच्या हातात दिल्या.

"तू आतल्या खोलीत जा. यातलं द्रव सारख्या दिसणाऱ्या तीन बाटल्यांत काढ आणि तुझ्या मनाने क्रमांक घाल. मलाही सांगू नकोस, कोणत्या बाटलीत काय ते."

"तुम्हालाही नाही?"

"मी आई आहे. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळेल."

डॉक्टर आत गेली. बाहेरच्या बाकावर घोटीकडचे एक काका थुंकीची डबी हातात धरून बसले होते. त्यांनी दाराच्या फटीतून डोकावलं.

"बाई, लय येळ झाला. आत लाईट बंद करून काय शिनेमा चालू हाय का?"

"परीक्षा आहे," आजोबा म्हणाले.

"मंग बसतो. परीक्षेला टाइम लागतोच."

डॉक्टरने तीन छोट्या काचेच्या बाटल्या आणून दिल्या. चिकटपट्टीवर एक, दोन, तीन. तुमच्या आईने पहिल्या बाटलीतला थेंब चिपमध्ये सोडला, आजोबांनी माळ जोडली, तिने डोळा लावला. आम्हाला काळोखात फक्त तिच्या गालावरचा हिरवट उजेड दिसत होता.

"आखूड," ती म्हणाली.

चिप धुऊन दुसरी. ती बराच वेळ पाहत राहिली. एकदा डोळा बाजूला घेतला, पुसला, पुन्हा लावला.

"आखूड."

तिसरी. त्या वेळी तिचा आवाज बदलला होता. "हेही आखूडच. सगळे ठिपके आहेत. दोरा एकही नाही."

डॉक्टरला तर माहीत होतं, की तीनही बाटल्यांत एकच गोष्ट नाही. आजोबांनी माळेचं टोक सोडवलं. मला वाटलं, संपलं. फोनवर सर म्हणाले होते तेच बरोबर होतं.

आणि मग मला जे सुचलं ते माझ्या जन्मभराच्या संशयाच्या सवयीमुळे सुचलं, विज्ञानाचा त्यात काही संबंध नाही. तुमच्या आईला पक्कं ठाऊक होतं, की तिन्ही बाटल्या वेगळ्या आहेत. एक लांब, एक आखूड, एक मिसळ. फसवणाऱ्याने काय केलं असतं? अंदाजाने तीन वेगळी उत्तरं दिली असती. निदान एखादं जुळलं असतं. कॉपी करणारा मुलगा तीन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर कधीच लिहीत नाही, त्याला ते वेडेपणाचं वाटतं. तिने तिन्हींना एकच उत्तर दिलं होतं, स्वतःच्या विरुद्ध जाणारं, कारण तिला तेच दिसत होतं.

मी म्हटलं, "दिवा लावा."

उजेड झाला तेव्हा तुमची आई रडत नव्हती. ती डॉक्टरच्या हाताकडे बघत होती. डॉक्टरच्या हातात, मधुमेहाचे रोगी इन्सुलिन टोचायला वापरतात तसली बारीक सिरिंज होती.

"ताई, तुम्ही नळीतून काढलंत कशाने?"

"सिरिंजने. आणखी कशाने काढणार? सांडायला नको म्हणून मुद्दाम बारीक घेतली."

"सुईतून?"

"सुईतूनच. अगं, झालं काय?"

तुमच्या आईने टेबलाला टेकून मोठ्याने श्वास सोडला, आणि मग तिला हसू आवरेना. बारीक सुईतून द्रव जोराने ढकललं की लांब रेणू ताणले जाऊन तुटतात. आखूड रेणूंना काही होत नाही, लांबांचे मात्र तुकडे होतात. म्हणून ती स्वतः नमुना काढायची त्या प्लास्टिकच्या टोकदार नळीचं टोक आधी कात्रीने कापून टाकायची, तोंड रुंद व्हावं म्हणून, आणि अगदी सावकाश उचलायची. पहिल्या दिवसापासून तशीच सवय. तिने ते कुठे लिहिलं नव्हतं, कारण भाकरी थापताना हाताला पाणी लावायचं हे कोणी लिहून ठेवत नाही.

"म्हणजे त्याने..." ती म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. मला ही सबब फारच सोयीची वाटत होती. नापास झाल्यावर लगेच सापडलेलं कारण मी सहसा मान्य करत नाही. "नळ्यांत काही उरलंय?"

सुई तळाच्या निमुळत्या टोकापर्यंत पोचली नव्हती, थोडं थोडं उरलं होतं. मी डॉक्टरला पुन्हा आत पाठवलं, नव्या तीन बाटल्या, नवे क्रमांक. या वेळी तुमच्या आईची ती प्लास्टिकची नळी आणि कात्री देऊन. डॉक्टर जाताना पुटपुटली, "एमडीच्या परीक्षेलासुद्धा मला एवढं दोनदा करायला लावलं नव्हतं."

काका बाहेरून म्हणाले, "फेरपरीक्षा का?"

पुन्हा काळोख. पहिल्या बाटलीला तुमची आई लगेच म्हणाली, "लांब. आई, ये, बघ."

मी डोळा लावला. आधी काहीच दिसेना. मग काळ्यावर एक हिरवा ठिपका सरकत आला, कशाला तरी अडला आणि दोन्ही बाजूंना उलगडत गेला, धाग्यासारखा, एक टोक आखूड, एक लांब. क्षणभर तसाच लोंबकळला आणि मग लांब बाजूने घसरून सुटला आणि पुन्हा गोळा होऊन पुढे गेला. त्याच्यामागून दुसरा. मी आयुष्यात पुष्कळ सुंदर गोष्टी पाहिल्या आहेत, पण एवढी लहान कधी पाहिली नव्हती.

पुढच्या दोन्ही बाटल्याही तिने बरोबर सांगितल्या. मिसळलेल्या नमुन्यात आखूड आधी, लांब मागून, दोन घोळके, ती म्हणाली होती अगदी तसे. डॉक्टरने स्वतःची खूण काढून ताडून पाहिली आणि मान डोलावली. मग तिने दार उघडून काकांना आत घेतलं.

एवढ्याने माझं समाधान व्हायला हवं होतं, पण त्या मुलाचा प्रश्न उरला होता. त्या संध्याकाळी तुमच्या आईने दिवाणखान्यातून त्याला फोन लावला आणि मी झोपण्याच्या खोलीतला जोडफोन उचलला. होय, उचलला. न सांगता.

"तू माझा नमुना चिपमध्ये घालण्याआधी काय केलं होतंस?"

"काय म्हणजे? फिल्टर केला. सिरिंज फिल्टरमधून. चिपमध्ये कचरा जाऊन पाट बुजू नयेत म्हणून चिपमध्ये जाणारं सगळं गाळून घ्यायचं, सरांनीच सांगितलंय."

"पाणी, मीठपाणी ठीक आहे. डीएनएसुद्धा गाळलास?"

तो थांबला. फार वेळ नाही. "सगळं म्हणजे सगळं, असंच सर म्हणाले होते." आणि मग, "अगं, लाइनवर आणखी कोणी आहे का? श्वास ऐकू येतोय."

"आई आहे," तुमची आई म्हणाली.

"नमस्कार काकू," तो म्हणाला.

मी फोन ठेवून दिला.

तो जो मध्ये थांबला, त्यात काय होतं? त्याला तेव्हाच लख्ख कळलं म्हणून थांबला, की आधीपासून माहीत होतं म्हणून? चार-पाच वर्षं याच कामात असलेल्या मुलाला लांब रेणू बारीक गाळणीतून तुटतात हे ठाऊक नसेल? तुमची आई म्हणते, नसेल, तो प्रथिनांवर काम करायचा, डीएनए त्याने हाताळलाच नव्हता. मी मात्र अजून काही ठरवू शकलेले नाही. परीक्षागृहात असे खूप चेहरे पाहिले, की ज्यांच्यावर आरोप ठेवता येत नाही आणि ज्यांना सोडूनही देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला आणि इंग्रजीत, त्यांच्याइतक्याच सभ्यपणे, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, तुम्ही प्रयोग पाहाल तेव्हा बाटल्यांवरचे क्रमांक कोणातरी तिसऱ्या माणसाकडून घालून घ्या, म्हणजे पुढे कोणाला बोलायला जागा राहणार नाही. ते म्हणाले, "तुम्ही शास्त्रज्ञ आहात का?" मी म्हटलं, "नाही, मी पर्यवेक्षक आहे."

तुमची आई डबा घेऊन परत गेली. सरांनी स्वतः शेजारी बसून पाहिलं, क्रमांक झाकून. तिने सगळे ओळखले. सर तिला एवढंच म्हणाले, "हे तू लिहिलं का नव्हतंस?" किल्ली परत दिली. चुकलो असं ते म्हणाले नाहीत. निबंध नव्याने लिहावा लागला, आणि तो लिहून होईपर्यंत परदेशातल्या दुसऱ्या कोणाचं तशाच खांबांवरचं काम छापून आलं. तिचं काम दुसरं ठरलं. पदवी वर्षभर उशिरा मिळाली. त्यानंतर ती तिकडे निघून गेली, आणि म्हणून तुम्ही तिकडे आहात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तिने फसवणूक केली नाही. तिला संस्थेतून काढून टाकलंही नव्हतं, एका उन्हाळ्यापुरती किल्ली काढून घेतली होती. वन्संना मी हे तेव्हाच समजावून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "असेल बाई," आणि ज्या सुरात म्हणाल्या त्यावरून मला कळलं, की मी सांगितलेलं त्यांच्याकडून कुठेच जाणार नाही.

चिपा संस्थेला परत गेल्या. गोळे कॉलनीतली लॅब डॉक्टरने विकली, सूक्ष्मदर्शक कोणाकडे गेला माहीत नाही. तुमचे आजोबा आता नाहीत. दुसऱ्या फेरीतल्या तीन बाटल्यांपैकी दोन माझ्या कपाटात आहेत, एक आणि तीन क्रमांकाच्या. दोन्ही रिकाम्या आहेत, तुम्हा दोघांसाठी एकेक ठेवल्यात.